एका पायरीची समीकरणं: सहावी-सातवीला पहिल्यांदा शिकवताना

एकाच क्रियेने सुटणाऱ्या, म्हणजे एका पायरीच्या समीकरणांचा धडा उघडण्याआधी फळ्यावर एवढंच लिहा:

८ + ४ = □ + ५

चौकटीत काय येईल ते मुलांना वहीच्या मागच्या पानावर लिहायला सांगा. समजावू नका, इशारा देऊ नका. मी दरवर्षी सहावीला हे करते आणि दरवर्षी वर्गाचा मोठा भाग १२ लिहितो. काही जण दिसेल ते सगळं मिळवून १७ लिहितात. ७ लिहिणारी थोडीच असतात. बाकीची मुलं बेरजेत कच्ची असतात असं मुळीच नाही. पहिलीपासून त्यांनी = हे चिन्ह एकाच कामाला जुंपलेलं पाहिलं आहे: डावीकडे गणित, उजवीकडे उत्तर. ज्याला = म्हणजे ‘आता उत्तर लिही’ असं वाटतं, त्याच्यासमोर क्ष + ७ = १५ ठेवलं तर तो गोंधळणारच, कारण उत्तर तर आधीच लिहिलेलं आहे!

यात आपल्या भाषेचाही हात आहे. ‘आठ अधिक चार बरोबर बारा’ असं आपण वाचतो. आता ‘बरोबर’ हा शब्द मराठीत काय काय करतो ते पाहा. उत्तर बरोबर आलं. माझ्याबरोबर चल. तू माझ्या बरोबरीचा नाहीस. वर्गात बसलेल्या मुलाच्या कानाला यातला पहिलाच अर्थ सवयीचा असतो, कारण बाई दिवसभर ‘बरोबर’, ‘चूक’ हेच म्हणत असतात. म्हणून पहिला आठवडाभर मी = हे चिन्ह वेगळं वाचून घेते: ‘आठ अधिक चार जेवढे, तेवढेच सात अधिक पाच.’ वाचायला लांबलचक आहे, मुलं हसतात, पण आठवड्याने हसणं थांबतं आणि अर्थ उरतो.

पहिली तासिका याच कामाला द्या. फळ्यावर एकेक ओळ लिहायची आणि खरं की खोटं एवढंच विचारायचं: ९ = ४ + ५, ७ = ७, ६ + ३ = ३ + ६, ५ + २ = ८ − १, १० − ४ = ६ + २. ‘९ = ४ + ५’ला बरीच मुलं ‘उलटं लिहिलंय’ म्हणून खोटं ठरवतात, आणि ‘७ = ७’ला ‘यात गणितच नाही’ म्हणतात. त्यांना भांडू द्या. तुम्ही निकाल द्यायची घाई केली नाही तर पाचेक मिनिटांत कुणीतरी ‘अरे, दोन्हीकडे तेवढेच आहेत ना!’ म्हणतंच.

तराजू खरा हवा

पाठ्यपुस्तकात तराजूचं चित्र असतं. ते पुरत नाही, कारण चित्रातला तराजू कलत नाही. घरचा प्लास्टिकचा हँगर घ्या, दोन्ही टोकांच्या खाचांना दोऱ्याने चहाचे कागदी कप टांगा आणि हँगर फळ्याजवळच्या खिळ्याला मोकळा हलेल असा अडकवा. रिकामा असताना एका बाजूला झुकत असेल तर हलक्या बाजूला चिकटपट्टीचे तुकडे लावत जा.

वजनाला काय घ्यायचं यात मी दोनदा फसले आहे. गोट्या सारख्या दिसतात, पण सारख्या वजनाच्या नसतात. एक रुपयाची नाणी घेतली तर जुनी जड आणि नवी हलकी निघाली, आणि भर वर्गात ५ = ५ कललं. तेव्हापासून हार्डवेअरच्या दुकानातून एकाच मापाचे लोखंडी नट आणते. फार बारीक घेऊ नका. एका नटाच्या फरकाने हँगर स्पष्ट कलला पाहिजे.

आता मुलांना न दाखवता कागदाच्या पुडीत पाच नट बांधा. डाव्या कपात ही पुडी आणि तीन सुटे नट, उजव्या कपात आठ नट. कागदाचंही थोडं वजन असतं, म्हणून तशीच एक रिकामी पुडी उजवीकडेही टाका. हे मुलांसमोर, सांगून करा. ‘कागद कशाला टाकला?’ या प्रश्नावर वर्ग स्वतःच विचार करू लागतो.

पुडीत किती नट आहेत ते पुडी न उघडता सांगायचं. एका मुलाला बोलवा आणि डावीकडचे तीन सुटे नट काढायला सांगा. हँगर कलतो, वर्ग ओरडतो, ‘तिकडचे पण काढ, तिकडचे पण!’ समीकरण सोडवण्याचा अख्खा नियम इथे मुलांच्याच तोंडून आला. तो फळ्यावर त्यांच्याच शब्दांत लिहा. माझ्या वर्गातला तक्ता ‘इकडचं काढलं तर तिकडचं पण काढ’ असाच आहे. ‘दोन्ही बाजूंवर समान क्रिया केल्यास समानता टिकते’ हे वाक्य आठवड्याने त्याखाली येतं.

मग पुडी उघडा. पाच. मुलं टाळ्या वाजवतात. हे दोन-तीनदा करा, मुलांनाच पुड्या बांधू द्या, आणि प्रत्येक वेळी हँगरशेजारी फळ्यावर लिहून घ्या: पु + ३ = ८. पुडीसाठी ‘पु’ हे अक्षर मुलांनीच सुचवलेलं असतं, त्यामुळे ‘अक्षर कुठून आलं’ हा प्रश्न उरत नाही.

अक्षर म्हणजे वस्तू नव्हे, संख्या

‘पु’ सोयीचा आहे, पण त्यात एक खड्डा आहे आणि तो लगेच बुजवायला हवा. वडापावचं उदाहरण घ्या. पाच वडापावचे ९० रुपये झाले, तर एक केवढ्याला? मुलं झटकन ५व = ९० लिहितात. त्यांना विचारा, ‘व म्हणजे काय?’ उत्तर येतं, ‘वडापाव, बाई.’ नाही. वडापावला ५ ने गुणता येत नाही. व म्हणजे एका वडापावची किंमत, रुपयांत. इथे हा फरक किरकोळ वाटतो, कारण चुकीच्या अर्थानेही उत्तर १८च येतं. पण पुढे ‘एका शिक्षकामागे ३० विद्यार्थी’ हे समीकरणात मांडायला सांगितलं की हीच मुलं ३०व = श लिहितात, म्हणजे शिक्षकच विद्यार्थ्यांच्या तीसपट! व हे विद्यार्थ्यांचं आद्याक्षर वाटलं, विद्यार्थ्यांची संख्या वाटली नाही. खरं समीकरण व = ३०श.

म्हणून माझा एक नियम आहे आणि त्याला मी वर्षभर सूट देत नाही. समीकरणाच्या आधीची ओळ ‘समजा’ने सुरू होते, आणि तिच्यात ‘किंमत’, ‘संख्या’, ‘वय’, ‘वजन’ असा मोजता येणारा शब्द असतोच.

समजा, एका वडापावची किंमत = क्ष रुपये.

पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतात. सुरुवातीला वहीत कुठलंही अक्षर चालू द्या. फक्त इंग्रजी एक्स वळणदार काढायला शिकवा, नाहीतर गुणिलेच्या चिन्हात आणि त्यात फरक राहत नाही. सेमी-इंग्रजीचा वर्ग असेल तर अशा अक्षरासाठीचे ‘चल’ आणि ‘व्हेरिएबल’ हे दोन्ही शब्द एकाच दिवशी द्या.

कुणी विचारलंच की माहीत नसलेल्याला नाव द्यायची ही कल्पना किती जुनी, तर भास्कराचार्यांना वर्गात आणा. ११५०च्या सुमारास त्यांनी ‘बीजगणित’ लिहिलं, त्यात अज्ञात संख्येला नाव आहे ‘यावत्तावत्’. म्हणजे जेवढे असतील तेवढे! एकाहून जास्त अज्ञातं असली तर कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं. यावत्तावत् हा शब्द मुलांना भयंकर आवडतो. एका वर्षी वर्गातली निम्मी मुलं वहीत ‘या + ७ = १५’ लिहीत होती. मी चालू दिलं. भास्कराचार्यही ‘या’ एवढंच लिहीत.

गोष्टीतून समीकरण

खरं अवघड काम हे आहे, आणि बहुतेक नवे शिक्षक इथेच घाई करतात. सोडवणं दोन तासिकांत जमतं. लिहायला चार द्या.

सुरुवात अशा गोष्टींनी करा ज्या घडतात त्याच क्रमाने सांगता येतात. स्वारगेटहून सुटलेल्या साताऱ्याच्या एसटीत काही प्रवासी होते. शिरवळला १४ जण चढले, कुणी उतरलं नाही. आता गाडीत ४१ आहेत. आधी काय होतं, मग काय झालं, शेवटी किती राहिले, हाच क्रम समीकरणाचाही:

क्ष + १४ = ४१

वजाबाकीला खाऊचे पैसे घ्या: काही रुपये होते, ३५ खर्च झाले, ६५ उरले. क्ष − ३५ = ६५. भागाकाराला एसटीचं अर्ध तिकीट झकास. मुलांचं अर्ध तिकीट असतंच, आणि २०२३पासून एसटीत बायकांनाही निम्मंच भाडं पडतं, त्यामुळे ‘आईचं तिकीट ८५ रुपयांचं, मग बाबांचं केवढ्याचं?’ हे कुणालाच समजवावं लागत नाही. क्ष ÷ २ = ८५. गुणाकाराला वडापाव आहेच.

मग त्रास देणारे शब्द. मराठीत शब्दाला जोडून येणाऱ्या या तिघांवर लक्ष ठेवा: ‘ने’, ‘तून’ आणि ‘पेक्षा’.

‘एका संख्येतून ८ वजा केले तर २१ उरतात’ आणि ‘८ मधून एक संख्या वजा केली’ ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहून घ्या. कशातून काय काढतोय, ते बोट ठेवून सांगायला लावा. ‘क्षला ५ने भागले’ आणि ‘५ला क्षने भागले’ यांचंही तसंच.

सगळ्यात जास्त बळी ‘पेक्षा’ घेतो. हे बघा: ‘ताईकडे दादापेक्षा ६ पुस्तकं जास्त आहेत. ताईकडे २२ आहेत. दादाकडे किती?’ ‘जास्त’ दिसलं की मुलं मिळवतात आणि दादाकडे २८ पुस्तकं होतात. ‘नीट वाच’ म्हणून हे सुटत नाही. मी दोन पट्ट्या काढायला लावते, एक ताईची, एक दादाची, आणि पहिला प्रश्न एवढाच: ‘लांब पट्टी कुणाची?’ ताईची. मग दादाच्या पट्टीला ६ चा तुकडा जोडला की ताईची पट्टी होते:

क्ष + ६ = २२

‘जास्त’ या शब्दाने समीकरणात अधिक आला आणि सोडवताना वजाबाकी करावी लागली. ‘जास्त म्हणजे बेरीज, कमी म्हणजे वजाबाकी’ असा शब्दांचा तक्ता काही वर्गांत भिंतीवर लावलेला असतो. तो काढून टाका, कारण मुलं त्यावरून गोष्ट वाचायचीच सोडून देतात.

दोन प्रकार मात्र सुरुवातीला मुद्दाम टाळा: १०० − क्ष = ३५ आणि ६० ÷ क्ष = ५. दिसायला एका पायरीचे असले तरी इथे क्ष स्वतःच वजा होतोय किंवा भागतोय, आणि नियमाने सोडवायला दोन पायऱ्या लागतात. तुमच्या स्वतःच्या उदाहरणांत हे नकळत घुसतात. ‘शंभराची नोट दिली, ३५ परत मिळाले’ ही गोष्ट किती साधी वाटते ना? मी पहिल्या वर्षी तीच घेतली होती.

सोडवताना

क्ष + ७ = १५ फळ्यावर लिहिलंत की मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘बाई, दिसतंय की, आठच!’ त्याचं बरोबर आहे, आणि ज्याला उत्तर दिसतंय त्याला तीन ओळी लिहायला लावणं म्हणजे त्याच्या दृष्टीने शिक्षाच. रागावू नका, न दिसणारं द्या:

क्ष + ३८७ = ९१२

आता पद्धत हवी. मी विचारते, ‘क्षला गाठ कशाची मारलीय?’ ३८७ मिळवल्याची. ‘मग सुटेल कशी?’ समीकरण सोडवणं आणि गाठ सोडवणं यात आपल्याकडे शब्द एकच आहे, त्याचा फायदा घ्या. मारली तशी उलट सुटते. मिळवलं असेल तर वजा करा, गुणलं असेल तर भागा, आणि जे कराल ते दोन्ही कपांत.

क्ष + ३८७ − ३८७ = ९१२ − ३८७
क्ष = ५२५

तिन्ही ओळींतली = चिन्हं एकाखाली एक यायला हवीत. ही टापटिपीची हौस नाही. एका मुलीच्या वहीत मला हे सापडलं होतं:

क्ष + ७ = १५ − ७ = ८

उत्तर बरोबर, आणि ओळ सगळीच खोटी. ‘१५ जेवढे, तेवढेच १५ − ७’ असं ती लिहीत होती. मी तिला ती ओळ आमच्या पद्धतीने मोठ्याने वाचायला सांगितली. ‘क्ष अधिक सात जेवढे, तेवढेच पंधरा उणे... अं?’ ती अर्ध्यातच थांबली आणि खोडरबर शोधू लागली. ज्या वहीत एका ओळीत दोन = दिसतील, तिथे हेच वाचून घ्या.

गुणाकाराला आलं की दोन नवे घोटाळे उभे राहतात. ३क्ष = ५१ बघून काही मुलं ५१मधून ३ वजा करतात, कारण ३ ‘काढायचे’ आहेत एवढंच त्यांना आठवतं. त्यांच्यासाठी परत हँगर: डावीकडे तीन सारख्या पुड्या, उजवीकडे १५ नट आणि तीन रिकाम्या पुड्या. इथे तीन नट काढून काहीच होत नाही, तीन सारखे वाटे करावे लागतात. दुसरा घोटाळा ताळा घेताना दिसतो: क्ष = ७ असेल तर ३क्ष म्हणजे ३७! शेजारी ठेवलेलं अक्षर आणि शेजारी ठेवलेला अंक यांत मुलांना फरक कळलेला नसतो. पहिला आठवडा ३ × क्ष असंच लिहा, ३क्ष नंतर.

क्ष ÷ ४ = ६ साठी हँगर फारसा कामाचा नाही. ‘रकमेचा पाव हिस्सा ६ रुपये, तर रक्कम केवढी?’ असं विचारा. पाव, निम्मं, पाऊण या शब्दांना मराठी कान सरावलेला असतो. सातवीत वेळ उरला तर ‘एका संख्येची दीडपट ६०’ देऊन बघा. ज्यांच्या घरात आजी हिशोब करते ती मुलं ४० पटकन सांगतात आणि समीकरण मात्र लिहू शकत नाहीत.

आता त्या नियमाबद्दल. ‘पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं’ हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल, मलाही शिकवलं होतं. आपले जुने गणिती समीकरणाच्या बाजूंना ‘पक्ष’ म्हणत, आणि पक्ष बदलला की चिन्ह बदलतं हे महाराष्ट्रातल्या मुलांना वेगळं शिकवायची गरजच नाही. पण पहिल्या महिन्यात हा नियम वर्गात येऊ देऊ नका. शिकवणीला जाणारी मुलं तो घेऊन येतातच, तेव्हा त्यांना ३क्ष = ५१ द्या. ‘तीन पलीकडे गेला’ म्हणून कुणी ५१ − ३ करतं, कुणी ५१ला उणे तीनने भागतं. मग विचारा, ‘पलीकडे गेला म्हणजे नेमकं काय झालं?’ दोन्ही कपांत काय केलं ते ज्याला सांगता येतं, त्याने तो नियम खुशाल वापरावा. तसा तो चांगला नियम आहे, वेळ वाचवतो.

ताळा गोष्टीशी घ्या

उत्तर समीकरणात घालून दोन्ही बाजू सारख्या येतात का बघणं, हा ताळा सगळे शिकवतात. तो अर्धाच ताळा आहे. दादा-ताईच्या गणितात मुलाने क्ष − ६ = २२ लिहिलं, क्ष = २८ काढलं, २८ − ६ = २२ असा ताळाही जुळला. सगळं जुळलं आणि सगळं चुकलं! म्हणून शेवटची ओळ गोष्टीतल्या शब्दांत हवी: ‘दादाकडे २८, ताईकडे २२, म्हणजे ताईकडे ६ जास्त?’ हे वाचताना मूल स्वतःच दचकतं.

उणे उत्तरं येणारी समीकरणं, म्हणजे क्ष + ९ = ४ यासारखी, शेवटी घ्या. आमच्या सहावीच्या पुस्तकात पूर्णांक संख्या समीकरणांच्या आधीच येतात, त्यामुळे आकडेमोड जमते, पण हँगर इथे हात टेकतो. पुडीत उणे पाच नट कसे बांधणार? हे वर्गात उघड कबूल करा आणि संख्यारेषेकडे वळा.

तपासायला मी लेखी चाचणीऐवजी उलटं काम देते: समीकरण माझं, गोष्ट तुमची. क्ष − १२ = ३० ला बकऱ्या विकल्या जातात, बोरं खाल्ली जातात, क्रिकेटमध्ये १२ धावा कापल्या जातात. क्ष ÷ ४ = ६ ला ‘४ मुलांना ६ चॉकलेटं वाटली’ असं कुणी लिहिलं तर त्या मुलाला भागाकाराची मांडणीच कळलेली नाही हे तिथल्या तिथे दिसतं. वीस सोडवलेल्या गणितांतून ते दिसलं नसतं.

गेल्या वर्षी क्ष + ९ = ४ वर सगळा वर्ग अडला होता. एका मुलाने बराच वेळ पेन चावून लिहिलं: ‘वाण्याकडे आमची उधारी होती. बाबांनी ९ रुपये दिले तरी वाणी म्हणाला, उधारी वजा जाता तुमचे फक्त ४ जमा.’ खाली समजाची ओळही होती: समजा, वाण्याच्या वहीत आमची रक्कम = क्ष रुपये.